कर्नाळा पक्षी अभयारण्यातील क्षेत्रकार्य

कर्नाळा पक्षी अभयारण्यातील क्षेत्रकार्य या संज्ञेत महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात असलेल्या कर्नाळा अभयारण्यात पक्षी, फुलपाखरे व इतर जीवांच्या अभ्यासासाठी केले जाणारे प्रत्यक्ष निरीक्षण, तसेच त्या निमित्ताने अभ्यासकांना जगावा लागणारा दिनक्रम या दोन्हींचा समावेश होतो. निसर्गविज्ञानाच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधांत निष्कर्ष असतात. ते हाती येण्यासाठी काढलेल्या पहाटा, सक्तीच्या विश्रांतीच्या दुपारी आणि पावसाने अडवून ठेवलेले दिवस त्यांत सहसा नसतात. उष्ण प्रदेशातील क्षेत्रकार्यात मात्र दिवसाचा मोठा भाग प्रतीक्षेतच जातो, आणि त्या वेळेचा उपयोग कसा होतो यावर नोंदींचा दर्जा अवलंबून असतो.

स्थान आणि परिसर

कर्नाळा अभयारण्य पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर, मुंबई–गोवा महामार्गाच्या (राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६, पूर्वीचा क्र. १७) दोन्ही बाजूंस पसरलेले आहे. १९६८ साली स्थापन झालेले हे अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य मानले जाते. आरंभी त्याचे क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरहूनही कमी होते. २००३ मध्ये ते वाढवून १२.११ चौरस किलोमीटर करण्यात आले. येथे २०० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली असून त्यांत निवासी पक्ष्यांबरोबर हिवाळी पाहुणे, केवळ विणीसाठी येणारे आणि प्रवासात काही दिवस थांबणारे पक्षीही आहेत.

अभयारण्याच्या मध्यभागी कर्नाळा किल्ला आहे. त्याच्या माथ्यावरील सुमारे १२५ फूट उंचीचा बेसॉल्टचा सुळका अंगठ्यासारखा दिसतो व महामार्गावरून दुरूनही ओळखता येतो. पुरंदरच्या तहात (१६६५) मुघलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळ्याचा समावेश होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण हे याच परिसरात आहे. किल्ल्यावरील खडकात खोदलेली पाण्याची टाकी पूर्वी शिबंदीची तहान भागवत असत.

येथील वन मुख्यतः आर्द्र पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, कुंभा, उंबर, पळस, पांगारा व काटेसावर हे वृक्ष सर्वत्र दिसतात. ओढ्यांच्या काठी झाडी अधिक दाट व सावली अधिक गर्द असते. अभयारण्यातील ‘हरियाल’ आणि ‘मोरटाका’ या दोन निसर्गवाटा अभ्यासकांच्या नेहमीच्या वापरातील आहेत. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी असल्याने पहिल्या वाटेला त्याचे नाव देण्यात आले आहे.

वनबेटाची कल्पना

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ‘बेटांच्या जीवभूगोला’चा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. बेटाचे क्षेत्रफळ आणि मुख्य भूमीपासूनचे त्याचे अंतर यांवर तेथे किती जाती टिकतील हे अवलंबून असते, असे त्याचे सार आहे. पुढे हा विचार चहूबाजूंनी शेती, वस्ती वा कारखान्यांनी वेढलेल्या जंगलांनाही लावण्यात आला आणि अशा तुकड्यांना अधिवास-बेटे म्हटले जाऊ लागले. पनवेल व नवी मुंबईचा विस्तार, रसायनी–पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र आणि मधून जाणारा महामार्ग यांमुळे कर्नाळ्याच्या वनाची गणना अशा बेटांत करता येते. त्यामुळे येथील नोंदींना केवळ ‘काय दिसले’ यापुरते महत्त्व नाही. एखादी जात किती वर्षे दिसत राहिली आणि केव्हा दिसेनाशी झाली, हे कळण्याचा तोच मार्ग आहे.

पूर्वपीठिका

कर्नाळ्याचे अभयारण्य होण्यापूर्वीच या जिल्ह्यात (तत्कालीन कुलाबा जिल्हा) दीर्घ निरीक्षणाची एक महत्त्वाची घटना घडली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) हे १९२६ पासून मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याते होते. अभ्यासरजेवर ते जर्मनीत गेले, तेथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले आणि पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या हेलिगोलांड बेटावरही त्यांनी काम केले. १९३० मध्ये परतल्यावर निधीअभावी त्यांचे पद रद्द झाल्याचे त्यांना कळले. नोकरी नसल्याने ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहू लागले.

त्या सक्तीच्या मोकळ्या वेळात घराजवळील सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांनी पावसाळ्यात तासन्‌तास न्याहाळली. नर एकाच वेळी घरटे अर्धवट विणून ठेवतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केल्यावरच तो ते पूर्ण करतो, आणि ती अंडी घालून बसली की दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो, हा क्रम त्यांच्या लक्षात आला. मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असून घरटे विणण्याचे श्रेय लोकपरंपरेने मादीला दिले आहे. प्रत्यक्षात विणकाम नराचे असते आणि मादी आतील अस्तरापुरता हातभार लावते. हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींच्या लौकिकाचा पाया ठरला. त्यासाठी महागडी उपकरणे लागली नव्हती. एकाच ठिकाणी, एकाच पक्ष्यासमोर, रोज बसता येईल एवढा वेळ हीच त्यामागची खरी सामग्री होती.

कर्नाळ्याच्या विकासाशी वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे नाव जोडले जाते. वनसेवेच्या काळात त्यांनी आदिवासी, पारधी व मच्छीमार यांच्याकडून पक्ष्यांची आणि झाडांची शेकडो नावे गोळा केली. त्यांचा ‘पक्षिकोश’ या दीर्घ टिपणांतूनच उभा राहिला. ५ नोव्हेंबर हा चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस असल्याने या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा करण्याचे ठरवले.

परवानगी आणि नियम

अभयारण्यातील प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नियंत्रित आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन व पर्यटन या कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. केवळ पाहणे व नोंद करणे यासाठी साधा प्रवेश पुरतो; परंतु जाळी लावून पक्षी पकडणे, पायात कडी घालणे किंवा नमुने घेणे यांसाठी स्वतंत्र परवानगी लागते.

याच कायद्याने अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. या एका नियमाने अभ्यासकाचे दैनंदिन जीवन मोठ्या प्रमाणात ठरते. जंगलात चूल मांडता येत नाही, शेकोटी पेटवता येत नाही, आणि गरम अन्न व चहा यांसाठी प्रवेशद्वाराबाहेर किंवा मुक्कामी परतावे लागते. प्लॅस्टिकच्या बाटल्या व वेष्टने आत टाकली जाऊ नयेत म्हणून प्रवेशद्वारावर त्यांची मोजदाद करून अनामत रक्कम घेण्याची पद्धतही येथे राबवली गेली आहे.

दिनक्रम

पहाट व सकाळ

पक्ष्यांच्या अभ्यासात दिवसाची सुरुवात उजाडण्यापूर्वी होते. अंधारात प्रथम आवाज येतात आणि त्यांची नोंद दृश्याच्या आधी होते. दयाळ, श्यामा व पावसाळ्याच्या सुमारास शीळकरी कस्तूर हे आरंभीचे गायक होत. शीळकरी कस्तुराची शीळ माणसासारखी, सूर मध्येच सोडून देणारी असल्याने इंग्रज निरीक्षकांनी त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ असे टोपणनाव दिले होते.

सूर्योदयानंतरचे सुमारे तीन तास सर्वाधिक फलदायी असतात. या काळात दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. एकीत ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या गतीने चालत दोन्ही बाजूंचे पक्षी मोजले जातात. दुसरीत ठरलेल्या ठिकाणी ठरावीक मिनिटे उभे राहून दिसलेले व ऐकू आलेले पक्षी लिहिले जातात. दोन्हींत वाट, वेळ व कालावधी दरवेळी सारखा ठेवावा लागतो, अन्यथा दोन दिवसांची किंवा दोन वर्षांची तुलना करता येत नाही. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत अनेक जातींचे मिश्र थवे एकत्र भक्ष्य शोधत फिरतात. अशा थव्यात सुभग, निखार, नाचण, सुतार व भृंगराज एकाच वेळी समोरून सरकत असल्याने काही मिनिटांत वीस-पंचवीस नोंदी कराव्या लागतात. त्यानंतर अर्धा-पाऊण तास एकही पक्षी न दिसणे हेही तितकेच नेहमीचे आहे.

दुपार

सकाळी दहानंतर ऊन चढते, पक्षी सावलीत स्थिर होतात आणि आवाज थांबतात. मात्र दुपार सर्वस्वी रिकामी नसते. जमीन तापून हवेचे प्रवाह वर जाऊ लागल्यावर सर्पगरुड, मोरघार व शिक्रा यांसारखे शिकारी पक्षी आकाशात घिरट्या घालू लागतात. किल्ल्याच्या धारेवरील मोकळी जागा त्यांच्या निरीक्षणासाठी सोयीची आहे. उन्हात सक्रिय होणाऱ्या फुलपाखरांचा अभ्यासही याच वेळात होतो. कर्नाळ्यात शंभराहून अधिक जातींच्या फुलपाखरांची नोंद आहे. फुलपाखराला राज्यचिन्हाचा मान देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होते (२०१५). ‘नीलवंत’ ही ती जात सह्याद्रीच्या वनांत आढळते.

बारा ते तीन हा काळ बहुधा सावलीतील विश्रांतीचा असतो. पाणवठ्याजवळ लपून बसण्याची सोय असल्यास उन्हाळ्यात हाच वेळ उपयोगी पडतो, कारण सकाळी झाडोऱ्यात दडलेले पक्षी पाणी पिण्यासाठी येथे येतात.

संध्याकाळ व रात्र

चारनंतर पक्ष्यांची हालचाल पुन्हा सुरू होते, तरी सकाळइतकी ती तीव्र नसते. तिन्हीसांजेला रातवा व घुबडे यांचे आवाज ऐकू येऊ लागतात. पर्यटकांना प्रवेश दिवसापुरताच असल्याने रात्रीच्या नोंदी वन कर्मचाऱ्यांच्या सोबतीने व परवानगीनेच केल्या जातात.

दिवसाचे शेवटचे काम म्हणजे टिपणे नीट उतरवून काढणे. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिलेल्या पद्धतीचा प्रभाव जगभरच्या नोंदवह्यांवर आहे. रानात केलेली त्रोटक टिपणे त्याच दिवशी विस्ताराने लिहावीत, हवामान, जागा व वेळ कधीही वगळू नये, आणि क्षुल्लक वाटणारे तपशीलही ठेवावेत, असा तिचा आग्रह असतो. थकव्याने एक रात्र टाळली की दुसऱ्या दिवशी दोन सकाळींच्या आठवणी एकमेकींत मिसळतात.

ऋतूनुसार बदल

पावसाळा (जून ते सप्टेंबर) हा क्षेत्रकार्यास सर्वांत कठीण आणि विणीच्या अभ्यासास सर्वांत महत्त्वाचा काळ होय. मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये तिबोटी खंड्या व नवरंग हे पक्षी विणीसाठी कोकणात दिसू लागतात. रायगडचा जिल्हा-पक्षी म्हणून ओळखला जाणारा तिबोटी खंड्या चिमणीहूनही लहान असतो. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या उभ्या दरडीत तो आडवे बीळ खोदतो आणि नर व मादी आळीपाळीने पिलांना पाली, सापसुरळ्या, लहान खेकडे, बेडूक व कीटक भरवतात. घरट्याच्या अभ्यासात कोणते भक्ष्य किती वेळाने आले याची नोंद दिवसभर ठेवावी लागते. दोन फेऱ्यांमधील दीर्घ शांततेत नजर हलवता येत नाही, कारण पक्षी बिळात शिरण्यास एखादा क्षणच लागतो.

हिवाळ्यात (ऑक्टोबर ते फेब्रुवारी) वाटा कोरड्या व हवा सुसह्य असते. उत्तरेकडील पाहुणे आल्याने याद्या लांबतात. करडा धोबी हा त्यांतील लवकर येणाऱ्यांपैकी एक आहे. राखी निखार हा दुर्मीळ पाहुणाही कर्नाळ्यात नोंदला गेला आहे. बहुतेक शैक्षणिक सहली व सामूहिक गणना याच ऋतूत होतात.

उन्हाळ्यात (मार्च ते मे) पाने गळल्याने पक्षी दिसणे सोपे जाते, पण दिवसाचे वापरण्याजोगे तास कमी होतात. पळस, पांगारा व काटेसावर फुलल्यावर मधुरस पिण्यासाठी अनेक जाती एकाच झाडावर येतात. अशा वेळी रान पालथे घालण्यापेक्षा एका फुललेल्या झाडाखाली बसून राहणे अधिक लाभाचे ठरते. मेच्या उत्तरार्धात पावशा दिवसरात्र ओरडू लागतो. ‘पेर्ते व्हा’ असा त्याच्या हाकेचा अर्थ शेतकरी लावतात.

मुक्काम, आहार व साहित्य

पनवेल जवळ असल्याने बहुतेक अभ्यासक रोज येऊन-जाऊन काम करतात. त्यासाठी पहाटे तीन-चारला घर सोडावे लागते आणि दुपारच्या विश्रांतीला स्वतःची जागा नसते. दीर्घ कामासाठी वन विभागाच्या विश्रामगृहात किंवा आसपासच्या गावांत राहण्याचा पर्याय असतो. अशा मुक्कामात पाणी भरणे, कपडे वाळवणे, विजेवर चालणारी साधने भारित करणे व दुसऱ्या दिवसाचा डबा ठरवणे ही कामे आळीपाळीने वाटून घेतली जातात. पावसाळ्यात कपडे वाळवणे हे पक्षी शोधण्याहून अवघड काम असते.

चूल मांडता येत नसल्याने जंगलातील आहार कोरडा व टिकाऊ असतो: भाकरी किंवा पोळी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे, केळी. उघड्यावर डबा सोडल्यास माकडे येतात, आणि एकदा माणसाकडून अन्न मिळाले की ती पुढच्या गटांनाही त्रास देऊ लागतात; म्हणून खाणे एका ठिकाणी, झटपट व उष्टे न सांडता उरकण्याचा शिरस्ता आहे. पाणी उन्हाळ्यात सोबतच न्यावे लागते.

साहित्यात दुर्बीण, नोंदवही, पक्ष्यांची सचित्र मार्गदर्शिका व घड्याळ या चार वस्तू अनिवार्य मानल्या जातात. शाई पावसात पसरते, म्हणून लिहिण्यास शिसपेन्सिल वापरतात. दमट हवेत दुर्बिणीच्या व कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी धरते. ती टाळण्यासाठी ही साधने ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतात. कपडे मळकट हिरव्या वा मातकट रंगाचे असतात.

फावला वेळ

क्षेत्रकार्यातील फावला वेळ सुटीच्या दिवसासारखा नसतो. तो केव्हा मिळेल हे अभ्यासकाच्या हाती नसते आणि तो घालवण्यासाठी दूर जाताही येत नाही. मुसळधार पाऊस दोन दिवस थांबला नाही, तर मुक्कामाच्या खोलीतच राहावे लागते. पाऊस अचानक उघडला तर हातातले काम टाकून निघावे लागते.

या वेळात वाचन, पत्ते, झोप व गप्पा यांबरोबर कामाशी निगडित गोष्टीही होतात. आवाजांच्या ध्वनिमुद्रणाची उजळणी करणे, सापडलेल्या पिसाचे किंवा पानाचे चित्र काढणे, आदल्या वर्षीच्या वह्यांशी तारखा ताडून पाहणे ही त्यांतील नेहमीची कामे आहेत. ‘ई-बर्ड’ या २००२ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंद-संकेतस्थळामुळे यादी लगेच पाठवता येऊ लागली. याच्या बरोबरीने, दिवसभर भ्रमणध्वनी हाताशी असल्याने पूर्वीसारखा सलग, अखंड रिकामा वेळ मात्र दुर्मीळ झाला आहे.

अशा सक्तीच्या विश्रांतीतून महत्त्वाचे काम उभे राहिल्याची उदाहरणे जगात आहेत. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना नैसर्गिक निवडीची कल्पना १८५८ च्या आरंभी, आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवर हिवतापाने अंथरुणाला खिळलेले असताना सुचली. याची दुसरी बाजूही आहे. मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांची न्यू गिनी व ट्रोब्रिआंड बेटांवरील खाजगी दैनंदिनी त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. एकाकीपणा, चिडचीड आणि कादंबऱ्यांत स्वतःला बुडवून घेण्याची ओढ यांची कबुली तिच्यात असल्याने अभ्यासकाच्या मनःस्थितीचा त्याच्या निरीक्षणावर काय परिणाम होतो, ही चर्चा उघडपणे सुरू झाली.

कर्नाळ्यात दुर्गम बेटासारखा एकांत नाही. महामार्गाची घरघर जंगलात बऱ्याच आतपर्यंत ऐकू येते. तरीही प्रतीक्षेचा अनुभव वेगळा नसतो. घरट्यासमोर बसलेल्या निरीक्षकासाठी गाव दोन किलोमीटरवर आहे की दोनशे, याने फरक पडत नाही, कारण जागा सोडली की दिवसाची नोंद तुटते.

स्थानिकांचे ज्ञान

अभयारण्याच्या परिसरात ठाकर व कातकरी आदिवासींची वस्ती आहे. कातकरी समाजाचे नाव खैरापासून कात काढण्याच्या त्यांच्या पारंपरिक व्यवसायावरून पडले. मध, रानभाज्या, कंद व मासे यांचे त्यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. कोणत्या उंबराला फळ आले आहे, कोणत्या ओढ्यात मार्चनंतरही पाणी राहते, दरड कोठे कोसळते, हे बाहेरून आलेल्या अभ्यासकास एका ऋतूत कळत नाही.

हे ज्ञान बहुधा विचारपूस करून मिळत नाही. पाऊस थांबेपर्यंत एकाच पडवीत बसल्यावर, चहा घेताना किंवा परतीच्या वाटेवर ते बोलण्यातून पुढे येते. चितमपल्ली यांनी जमवलेली नावे अशाच सहवासातून मिळाली होती. असे असूनही प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांत वाटाड्यांचा व वनरक्षकांचा उल्लेख अनेकदा आभाराच्या एका ओळीपुरता असतो. ही उणीव क्षेत्रविज्ञानात सर्वत्र आढळते.

धोके व आरोग्य

कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मधमाश्यांची मोठी पोळी असतात. आवाज, धूर किंवा उग्र सुगंधी द्रव्ये यांनी त्या बिथरू शकतात, म्हणून किल्ल्यावर शांतता पाळणे हा सुरक्षिततेचाही नियम आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप कोकणात आढळतात. पालापाचोळ्यात हात न घालणे व घोट्यापर्यंतचे बूट वापरणे ही नेहमीची दक्षता होय. पावसाळ्यात कातळावरील शेवाळ, अचानक भरून येणारे ओढे आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हे धोके संभवतात. उन्हाळ्यात उष्माघाताची भीती असते. यांमुळे एकट्याने जाऊ नये व परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून ठेवावी, असा संकेत आहे.

अडचणी व वाद

महामार्ग हा कर्नाळ्यापुढील सर्वांत मोठा प्रश्न आहे. त्याने अभयारण्य दुभागले असून वाहनांखाली वन्यजीव मरतात, तसेच सततच्या आवाजाने पक्ष्यांच्या गाण्यावर परिणाम होण्याची शक्यता असते. नेदरलँड्समधील लायडन शहरात केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोंगाटाच्या भागातील रामगंगा-कुळातील पक्षी अधिक उंच पट्टीत गातात असे दिसून आले होते. गोंगाटाचा दुसरा परिणाम निरीक्षकावर होतो: आवाजावरून होणाऱ्या नोंदी रस्त्यालगत कमी पडतात, त्यामुळे तेथे पक्षी कमी आहेत की केवळ कमी ऐकू येतात, हे वेगळे करणे कठीण जाते. पनवेल–इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणात अभयारण्यातून जाणारा भाग वृक्षतोड व वन्यजीवविषयक परवानग्यांमुळे विशेष चर्चेत राहिला.

दुसरा वाद छायाचित्रकारांच्या गर्दीचा आहे. तिबोटी खंड्याच्या बिळाची जागा समाजमाध्यमांवर पसरल्यास अल्पावधीत तेथे गर्दी होते. माणसे बिळासमोरून हटत नसतील तर भक्ष्य घेऊन आलेला पक्षी फांदीवरच थांबतो आणि पिले उपाशी राहतात. म्हणून विणीच्या काळात घरट्यांची नेमकी ठिकाणे जाहीर न करणे, ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यांना न बोलावणे आणि पक्ष्याने हालचाल थांबवताच मागे सरणे हे संकेत अभ्यासकांमध्ये मान्य आहेत. शांत बसून राहण्याची सवय हे येथे केवळ अभ्यासाचे कौशल्य राहत नाही, तर पक्ष्याच्या जगण्याशी तिचा थेट संबंध येतो.

महत्त्व

कर्नाळा आकाराने लहान, पोहोचण्यास सोपे आणि वर्षभर पाहता येण्याजोगे आहे. त्यामुळे मुंबई–पुणे पट्ट्यातील अनेक विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकार्याची ओळख येथेच होते. एका दिवसाच्या भेटीत लांबलचक यादी करण्यापेक्षा एकच वाट महिन्यातून एकदा, अनेक वर्षे चालण्याला शास्त्रीय मूल्य अधिक असते. एखादा पक्षी ‘दिसला नाही’ ही नोंद तेव्हाच अर्थपूर्ण ठरते, जेव्हा त्याला शोधण्यासाठी दरवेळी तेवढाच वेळ दिलेला असतो. झपाट्याने बदलणाऱ्या परिसरातील या वनबेटावर काय टिकले व काय गेले, याचा हिशेब अशा वह्यांतूनच मांडता येतो.

हे सुद्धा पहा

कर्नाळा किल्ला
सलीम अली
मारुती चितमपल्ली
सुगरण (पक्षी)
तिबोटी खंड्या
बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी